प्रवाहरेखी प्रवासी जहाजाचे लाकडी मॉडेल: बेळगावातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या एका निवृत्त सागरी अभियंत्यांनी खानापूर तालुक्यातील आपल्या जुन्या माध्यमिक शाळेला एक भेट देण्याचे ठरवले, तेथून या प्रकरणाची सुरुवात होते. त्यांचे सारे आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेले होते. शाळेच्या ग्रंथालयात जहाजाचे एक मोठे मॉडेल कायमचे ठेवले जावे आणि समुद्र न पाहिलेल्या मुलांना जहाज म्हणजे काय हे त्यावरून कळावे, अशी त्यांची इच्छा होती. आज चालणारे एखादे जहाज मात्र त्यांना नको होते. १९३० च्या दशकात उद्याचे जहाज म्हणून ज्याची कल्पना केली गेली, ते संपूर्ण बंद आवरणाचे, माशासारख्या गुळगुळीत अंगाचे महासागरी प्रवासी जहाज त्यांना हवे होते.

त्यांच्यासमोर नॉर्मन बेल गेडीस यांनी १९३२ साली मांडलेली रचना होती. बेल गेडीस हे मूळचे अमेरिकी रंगभूमीचे नेपथ्यकार. पुढे ते औद्योगिक रचनेकडे वळले आणि १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील भविष्यातल्या शहरांचा प्रचंड देखावा त्यांनीच उभा केला. त्यांच्या जहाजाला एकावर एक चढत जाणारे मजले, उघडे कठडे आणि दोरखंड नव्हते. पाण्यावरचा सारा भाग एकाच वक्र कवचाखाली घेतला होता, जीवरक्षक होड्या त्या कवचाच्या आत दडवल्या होत्या आणि धुराड्यांना थेंबाचा आकार दिला होता. हे जहाज कधीच बांधले गेले नाही. परंतु त्या विचाराचा ठसा त्या काळच्या पुष्कळ गोष्टींवर दिसतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर १९३५ साली सुरू झालेली, चंदेरी अंगाची ‘कलाकला’ ही फेरीबोट त्याच वळणाची होती. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील इमारतींचे गोलावलेले कोपरे आणि सलग आडव्या पट्ट्या पाहिल्या, की या काळाची नजर कशी होती याचा अंदाज येतो.

मॉडेल घडवण्याचे काम उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका अनुभवी पॅटर्न मिस्त्रींकडे आले. बेळगावच्या फाउंड्र्यांना ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा घेण्याचे नमुने, लागतात, आणि ते करणारे मिस्त्री अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाने लाकूड उतरवतात. रेखाटनाची जबाबदारी मेकॅनिकल शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने घेतली. तो त्याच शाळेचा माजी विद्यार्थी होता. तो अभियंत्यांना ‘काका’ आणि मिस्त्रींना ‘मामा’ म्हणत असे. या लेखातही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. रेखाटने तपासण्याच्या निमित्ताने मी या कामात सहभागी होतो, आणि म्हणून यातील बहुतेक चर्चा प्रत्यक्ष ऐकलेल्या आहेत.

काम फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाले. डिसेंबरमधील शाळेच्या स्नेहसंमेलनात मॉडेल मांडायचे होते.

नेमकी अडचण

सर्वसाधारण जहाजाच्या मॉडेलमध्ये पाहणाऱ्याची नजर शिड्या, कठडे, याऱ्या, नळ आणि दोरखंड यांच्यावर फिरत राहते, आणि मूळ अंगात एखादे उंचसखल राहिले असले तरी ते या तपशिलांच्या आड झाकले जाते. प्रवाहरेखी (स्ट्रीमलाइन्ड) जहाजात तशी सोय नाही. तेथे पृष्ठभाग हाच सर्व तपशील असतो. नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत जाणारी प्रकाशाची एक रेघ कुठे किंचित थरथरली, तर तेवढ्यानेच सारे मॉडेल कच्चे वाटू लागते. त्यामुळे मॉडेल किती बारीक करायचे हा येथे दुय्यम प्रश्न होता. आकार आधी नेमका ठरवायचा कसा, आणि ठरलेला आकार बेळगावच्या हवेत टिकवायचा कसा, हे दोन प्रश्न मुख्य होते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर, सह्याद्रीच्या कडेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील हवा कोरडी असते, आणि जूनपासून जी झड लागते ती कित्येक आठवडे कपडे वाळू देत नाही. खानापूरकडे पाऊस त्याहूनही अधिक असतो. लाकूड हवेतील ओल घेऊन तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते आणि सुकल्यावर आकसते, मात्र लांबीत फारसे बदलत नाही. सव्वा मीटर लांबीच्या, अनेक तुकडे जोडून केलेल्या अंगात हा फरक जोडांच्या रेषांवर उमटणार, हे मामांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तो किती उमटेल, याचा अंदाज मात्र कोणालाच नव्हता.

निर्णयाचे पहिले वळण: नक्कल की स्वतंत्र रचना

काकांचा आग्रह बेल गेडीस यांच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती करण्याचा होता. विद्यार्थ्याने हाती लागलेली चित्रे मांडून पाहिली, तेव्हा बाजूचे दृश्य आणि मॉडेलची छायाचित्रे एवढेच साहित्य समोर होते. जहाजाचे अंग आखण्यासाठी ठरावीक अंतरांवरचे आडवे छेद, निरनिराळ्या उंचींवरच्या जलरेषा (पाण्याच्या पातळीला समांतर कापल्यावर दिसणाऱ्या कडा) आणि उभे छेद असे तीन संच लागतात आणि ते एकमेकांशी तंतोतंत जुळावे लागतात. बाजूच्या चित्रावरून लांबी-उंची कळते. पोटाचा फुगवटा कुठे सुरू होतो आणि कवच वर जाताना किती आत कलते, हे त्यावरून कळत नाही. ते अंदाजाने भरून त्याला प्रतिकृती म्हणणे खोटे ठरले असते. मुलांच्या समोर ठेवायच्या वस्तूवर खोटी पाटी असू नये, हे काकांनाही पटले.

त्यामुळे स्वतंत्र रचना करायची, परंतु तिची मुख्य मापे त्याच काळात खरोखर बांधल्या गेलेल्या जहाजाची घ्यायची, असे ठरले. निवड ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजाची झाली. व्लादिमीर युर्केविच यांनी आखलेले हे जहाज १९३२ मध्ये पाण्यात उतरले आणि १९३५ मध्ये पहिल्या प्रवासाला निघाले. त्याची लांबी ३१३.६ मीटर, रुंदी सुमारे ३६ मीटर आणि पाण्यातील खोली सुमारे ११.२ मीटर होती. पाण्याखाली नॉर्मंडीचे प्रमाण, पाण्यावर बेल गेडीस यांच्या विचाराचे कवच, आणि पाटीवर ‘१९३० च्या दशकातील कल्पनेवर आधारित स्वतंत्र रचना’ असा स्पष्ट उल्लेख, अशी ही तडजोड होती. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील हा सर्वांत योग्य निर्णय ठरला. प्रमाण खरे असल्यामुळे पुढचा प्रत्येक प्रश्न हिशेबाने सोडवता आला. केवळ डोळ्याला बरे दिसते म्हणून आकार ठरवण्याची वेळ आली नाही.

प्रमाण आणि तरंगण्याचा प्रश्न

१:२०० या प्रमाणात मॉडेल १५६८ मिलिमीटर लांब झाले असते आणि शाळेच्या काचेच्या कपाटात मावले नसते. १:३५० ला ते ८९६ मिलिमीटर होते. पण मग तीन मीटरांचा एक मजला नऊ मिलिमीटरांच्याही आत येतो आणि खिडक्यांच्या पट्ट्या आखणे अवघड होते. १:२५० ला लांबी १२५४ मिलिमीटर, रुंदी १४४ आणि पाण्यातील खोली ४५ मिलिमीटर येते. तेच स्वीकारले.

काकांना मॉडेल पाण्यात तरंगायलाही हवे होते. याचा हिशेब विद्यार्थ्याने चांगला मांडला. लांबी २५० पटींनी कमी झाली की वजन २५० च्या घनाने, म्हणजे एक कोटी छप्पन्न लाख पंचवीस हजार पटींनी कमी होते. सुमारे ७० हजार टन पाणी बाजूला सारणाऱ्या जहाजाचे मॉडेल आपल्या जलरेषेवर तरंगायचे असेल, तर त्याचे वजन साधारण साडेचार किलो भरले पाहिजे. लाकूड पोखरून आणि तळाला शिसे ठेवून हे साधता आले असते. परंतु शिसे बसवण्यासाठी आणि पुढे दुरुस्तीसाठी कवच उघडता यायला हवे, आणि कवचावर झाकणाची फट आली की प्रवाहरेखी पृष्ठभागाचा अर्थच संपतो. मामांचे म्हणणे थोडक्यात होते: “पाण्यात सोडायचं असंल तर जोड दिसणार. जोड नको असंल तर पाणी नको.”

येथे काकांनी माघार घेतली नाही, आणि त्यातून एक चांगला मार्ग निघाला. प्रदर्शनाचे मॉडेल स्थिर ठेवायचे, आणि पाण्यासाठी केवळ जलरेषेपर्यंतच्या अंगाचा, वर कवच नसलेला दुसरा साधा हल (जहाजाचे खालचे अंग) फोमचा करायचा, असे ठरले. विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथे मॉडेल ओढण्याचा हौद बांधून दाखवून दिले, की लाटांचा विरोध समजून घ्यायचा तर मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. ३० नॉट (नॉट हे जहाजाच्या वेगाचे एकक), म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपंधरा मीटर, हा वेग १:२५० च्या मॉडेलला सेकंदाला जेमतेम एक मीटर इतका होतो. शाळेत मांडायच्या हौदाच्या कडेला कप्पी, दोरी आणि वजन लावून हा वेग मुलांना स्वतः देता येतो, आणि नाळेपाशी उठणारी लाट डोळ्यांनी दिसते.

बांधणीचे पर्याय

चार पर्याय गांभीर्याने विचारात घेतले गेले.

थ्रीडी प्रिंटिंगचा आग्रह विद्यार्थ्याने धरला होता. आकार संगणकावर तयारच होता. परंतु उपलब्ध यंत्रावर एका वेळी वीस-बावीस सेंटिमीटरांचाच तुकडा निघत असे, म्हणजे किमान पाच जोड आले असते. शिवाय सर्वांत सोपे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत किंवा पश्चिमेच्या खिडकीतल्या काचेच्या पेटीत तापमान त्याच्या जवळ जाऊ शकते.

कणा, फासळ्या आणि त्यांवर पातळ पट्ट्या ही जुनी होडीबांधणीची रीत वजनाला हलकी आहे. येथे मात्र कवच दोन्ही दिशांनी वळते, आणि अशा ठिकाणी प्रत्येक पट्टी निमुळती कापून बसवावी लागते; दोन फासळ्यांच्या मध्ये पट्टी सपाट राहण्याचा धोकाही असतो.

साच्यातून फायबरचे अंग काढणे टिकाऊपणाच्या दृष्टीने उत्तम होते. पण त्या साच्यासाठी आधी लाकडाचे तितकेच निर्दोष अंग करावेच लागते. एकच नग हवा असताना हे दुहेरी काम होते.

राहिला चौथा पर्याय: आडव्या फळ्या एकावर एक चिकटवून, आतून पोखरून, बाहेरून फरम्यांबरहुकूम (आकार ताडून पाहण्याच्या कापीव नमुन्यांप्रमाणे) उतरवणे. मामांनी आयुष्यभर पंपांचे आणि मोटारींच्या आवरणांचे पॅटर्न असेच केले होते. लाकूड म्हणून त्यांनी सागवान बाजूला ठेवले आणि शिवण निवडले. शिवण हलके असते, पटाशीखाली न फुटता उतरते आणि ओल्या-सुक्या हवेत तुलनेने कमी हलते. खानापूरकडच्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीतून निघालेल्या, कित्येक वर्षे छपराखाली पडून असलेल्या फळ्या त्यांना मिळाल्या. कारागिराच्या हाताला जी रीत पूर्ण अवगत आहे तीच निवडावी, या मताचा मी आहे, आणि येथे साहित्याच्या गुणांचा कौलही त्याच बाजूला होता.

प्रत्यक्ष काम

विद्यार्थ्याने अंगाचे वीस समान भाग पाडले. प्रत्येक भाग ६२.७ मिलिमीटरांचा. प्रत्येक रेषेवरच्या छेदाचा फरमा पातळ ॲक्रिलिकमध्ये कापून घेतला. कापण्यापूर्वी त्याने संगणकावर प्रत्येक वक्राची तपासणी केली: वक्रतेच्या प्रमाणात लांब-आखूड होणारे काटे रेषेवर उभे केले, की जेथे वक्रता अचानक बदलते तेथे काट्यांच्या टोकांची ओळ मोडते. डोळ्यांना सरळ वाटणाऱ्या दोन जलरेषा या तपासणीत नापास झाल्या. पाण्याखालचे अंग आणि वरचे कवच जेथे मिळत होते, नेमका तेथेच त्या खोट्या पडल्या होत्या. कागदावर ते दुरुस्त करायला एक संध्याकाळ लागली; लाकडावर त्याला महिने लागले असते.

मामांनी १८ मिलिमीटर जाडीच्या नऊ फळ्या आखल्या, आतला भाग कापून काढला आणि चिकटवण्यापूर्वी त्या नुसत्याच एकावर एक रचून पाहिल्या. तेव्हा फळ्यांवरच्या खुणा विद्यार्थ्याच्या फरम्यांशी जुळेनात. मधोमध सारे बरोबर होते. टोकांकडे जावे तसतसा फरक वाढत होता आणि एकूण लांबी साडेबारा मिलिमीटरांनी अधिक भरत होती.

याचे कारण फाउंड्रीच्या रीतीत होते. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नच्या दुकानात वेगळी पट्टी असते. ओतीव लोखंडासाठी ती साधारण एक टक्का लांब आखलेली असते. बाराशे चोपन्न मिलिमीटरांवर एक टक्का म्हणजे नेमका हाच फरक. सवयीने हातात तीच पट्टी आली होती.

दुरुस्ती सोपी निघाली, कारण फळ्या चिकटवलेल्या नव्हत्या. रुंदीत एका बाजूला आलेला पाऊण मिलिमीटरांचा वाढावा तसाही रंध्याखाली जाणार होता. मधल्या रेषेपासून दोन्ही टोकांकडे साध्या पट्टीने खुणा नव्याने मारल्या आणि नाळ व पिछाडी मिळून साडेबारा मिलिमीटर छाटले. गोंद लावण्यापूर्वी कोरडी रचना करून फरम्यांशी ताळा घेण्याची शिस्त मामांकडे होती, म्हणूनच हे एका दुपारच्या कामावर निभावले. हाच फरक उलट दिशेने असता, म्हणजे लाकूड कमी पडले असते, तर मात्र फळ्या पुन्हा कापाव्या लागल्या असत्या.

पुढचे काम रंधा, पटाशी, कानस आणि काचपेपर यांचे. प्रत्येक रेषेवर फरमा टेकवून मधली उंची उतरवायची आणि मग दोन रेषांमधला भाग लांब, लवचिक पट्टीवर काचपेपर चिकटवून तिरक्या हाताने घासायचा. छोट्या ठोकळ्याने घासले की खळगा खळगाच राहतो. लांब पट्टी उंचवट्यांवरून जाते आणि खळगा आपोआप उघडा पडतो. अंतिम परीक्षा प्रकाशाची होती. दुकानातले बाकी दिवे बंद करून एकच ट्यूबलाइट अंगाला समांतर धरायची, ओल्या फडक्याने पृष्ठभाग चमकवायचा आणि दिव्याच्या प्रतिबिंबाची रेघ नाळेपासून पिछाडीपर्यंत न तुटता जाते का ते पाहायचे. मोटारींचे डेंटिंग-पेंटिंग करणारे कारागीरही हेच करतात. मे अखेर ही रेघ एकसंध झाली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रायमरचा हात बसला.

पावसाळ्यात काय झाले

जुलैच्या मध्यावर प्रायमरवर आठ आडव्या रेषा दिसू लागल्या. नऊ फळ्यांचे आठ जोड. त्यात शंका घेण्यासारखे काहीच नव्हते. हाताला त्या जेमतेम लागत, पण ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात स्पष्ट दिसत. लाकूड फुगले होते, गोंदाचा थर होता तेवढाच राहिला होता, आणि दोहोंमधला तो केसाएवढा फरक पृष्ठभागावर उमटला होता.

कारण शोधताना एक गोष्ट लक्षात आली. फाउंड्रीतला पॅटर्न सर्व बाजूंनी रंगवतात किंवा त्याला लाखेचे पॉलिश देतात. ओल्या वाळूत वारंवार बसणारे लाकूड कोठूनही उघडे राहिलेले चालत नाही. येथे कवच बंद झाल्यावर आतला पोकळ भाग दिसणार नव्हता, म्हणून तो कोरा सोडला होता. हवा खेळावी म्हणून तळाशी ठेवलेल्या दोन भोकांतून पावसाळी हवा आत जात होती आणि लाकूड आतून ओल पीत होते. बाहेर प्रायमर, आत काहीच नाही, अशा अवस्थेत लाकूड दोन्ही बाजूंना सारखे हलत नाही.

येथे तीन मार्ग होते. पहिला, लांबी (पुट्टी) भरून, घासून पुन्हा प्रायमर देणे. हा लगेच होणारा उपाय होता आणि काकांचा कल त्याकडे होता. पण फुगलेल्या लाकडावर समतल केलेला पृष्ठभाग जानेवारीत लाकूड आकसल्यावर उलट्या बाजूने बिघडला असता. दुसरा, काहीही न करता ऑक्टोबरपर्यंत थांबून मग घासणे. यात त्या वर्षीचे प्रदर्शन पार पडले असते आणि पुढच्या जुलैत रेषा परत आल्या असत्या. तिसरा, प्रायमर पूर्ण काढून लाकडापर्यंत जाणे, लाकूड कोरडे होऊ देणे, आणि मग आतून व बाहेरून इपॉक्सी या कृत्रिम राळेचा थर देऊन बाहेरच्या बाजूला पातळ काचतंतूंचे कापड बसवणे. यात महिनाभराचे काम वाया जाणार होते.

मामांनी तिसऱ्या मार्गाचा आग्रह धरला आणि विद्यार्थ्याने त्यांना साथ दिली. काकांना डिसेंबरची चिंता होती, आणि ती रास्त होती. शाळेला शब्द दिलेला होता. तिसरा मार्ग स्वीकारताना, वेळेत काम झाले नाही तर फोमचा हल आणि हौद एवढेच स्नेहसंमेलनात मांडायचे, असे शाळेला आधीच कळवले गेले. दबाव कमी करण्याचा हा उपाय मला फार महत्त्वाचा वाटतो. तो केला नसता तर ओल्या लाकडावरच इपॉक्सी चढवण्याचा मोह झाला असता, आणि मग ओल आतच अडकली असती.

लाकूड पुरेसे कोरडे झाले हे ओळखण्यासाठी विद्यार्थ्याने साधी युक्ती केली. त्याच फळीचा उरलेला ठोकळा मॉडेलशेजारी ठेवला आणि त्याचे वजन दर आठवड्याला सोनाराच्या काट्यावर करून वहीत लिहिले. सप्टेंबरच्या शेवटापासून वजन घटू लागले आणि दसऱ्यानंतर ते स्थिर राहिले. तेव्हाच पुढचे काम हाती घेतले. आत इपॉक्सीचे दोन हात, बाहेर कापडाचे दोन पातळ थर, आणि वाळल्यावर पुन्हा तीच लांब पट्टी आणि तोच प्रकाश. कापड कवचाच्या वळणांवर सहज बसले. केवळ धुराड्यांच्या बुंध्यापाशी ते कापून वळवावे लागले.

खिडक्या, रंग आणि माणसाचे माप

गोल खिडक्या सोडून सलग काचपट्ट्या करायच्या, हे आधीच ठरले होते, कारण १:२५० ला चाळीस सेंटिमीटरांची खिडकी १.६ मिलिमीटरांचे भोक होते आणि वक्र अंगावर अशी शेकडो भोके एका ओळीत पाडणे हा निष्फळ खटाटोप झाला असता. पट्ट्या आखण्यासाठी मॉडेल सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) पक्के बसवून हाईट गेजने, म्हणजे उंची मोजून खूण करणाऱ्या साधनाने, रेषा ओढल्या. येथे एक बारकावा निघाला. मजल्यांची उंची सारखी ठेवली, तर कवच जेथे पंचेचाळीस अंशांनी आत कलते तेथे दहा मिलिमीटरांची उभी उंची पृष्ठभागावर चौदा मिलिमीटर होते, आणि वरच्या पट्ट्या रुंद दिसतात. पृष्ठभागावर सारखी रुंदी ठेवली, तर आतले मजले वर ठेंगणे होत जातात. शेवटी प्रत्येक पट्टीची खालची कड खऱ्या मजल्याच्या उंचीवर ठेवली आणि काळ्या काचेची रुंदी सर्वत्र सारखी, पृष्ठभागावर मोजून, पाच मिलिमीटर घेतली. रचना खरी राहिली आणि नजरही समाधानी झाली.

रंगाबाबत काकांना चंदेरी हवे होते. मामांनी एका टाकाऊ तुकड्यावर चंदेरी आणि हस्तिदंती असे दोन्ही रंग देऊन प्रकाशाखाली ठेवले. चंदेरीवर प्रत्येक कण दिसत होता. हस्तिदंती, अर्धवट चमकीचा रंग निवडला आणि जलरेषेखाली मळकट तांबडा. रंगकाम नोव्हेंबरपर्यंत मुद्दाम थांबवले, कारण दमट हवेत लॅकर वाळताना त्यावर पांढुरकी झाक येते.

एवढे झाल्यावर एक उणीव जाणवली: हे जहाज किती मोठे आहे, हे पाहणाऱ्याला कळतच नव्हते. कठडे नाहीत, शिड्या नाहीत, माणसाच्या मापाचे काहीच नाही. म्हणून एका बाजूला होडीच्या कप्प्याचे दार सरकलेले दाखवले, त्यात ३६ मिलिमीटरांची, म्हणजे प्रत्यक्षात नऊ मीटरांची जीवरक्षक होडी अर्धी बाहेर आलेली ठेवली आणि तिच्याशेजारी सात मिलिमीटर उंचीची काही माणसे उभी केली. त्या एका उघड्या दाराने सारे मॉडेल मोठे झाले.

निष्पत्ती

मॉडेल स्नेहसंमेलनाच्या आधी शाळेत पोहोचले. पुष्कळ मुलांना ते प्रथम पाणबुडी वाटले, आणि उघड्या कप्प्यातील होडी दिसल्यावर त्यांचे मत बदलले. सर्वाधिक गर्दी हौदापाशी झाली. तेथे मुलांनी स्वतः वजने बदलून वेग वाढवला आणि वेग थोडा वाढवण्यासाठी वजन पुष्कळ वाढवावे लागते, हे अनुभवले.

पाटीचा मजकूर मात्र शेवटच्या क्षणी बदलावा लागला. पहिल्या मसुद्यात, गुळगुळीत कवचामुळे जहाज वेगवान होते, असे लिहिले होते. हवा पाण्याच्या सुमारे आठशे पट विरळ असते. जहाजाला होणारा बहुतेक सारा विरोध पाण्याचे घर्षण आणि लाटा यांचा असतो, आणि शांत हवेत वरच्या भागाचा वाटा थोडासाच असतो. समोरून वारा असेल तर तो वाढतो, हे खरे. काकांनी स्वतः हा मजकूर दुरुस्त केला आणि बुटक्या धुराड्यांमुळे धूर व काजळी मागच्या भागावर उतरण्याची शक्यताही त्यात नोंदवली. ज्या कल्पनेवर आपले प्रेम आहे तिच्या मर्यादा त्याच पाटीवर लिहिणे, ही मला या प्रकल्पातील मोठी गोष्ट वाटते.

पुढच्या पावसाळ्यात पृष्ठभाग पुन्हा प्रकाशाखाली तपासला. आठ जोडांपैकी एकही उमटला नाही. मागच्या धुराड्याच्या बुंध्याशी, जेथे कापड कापून वळवले होते, तेथे बोटभर लांबीची एक बारीक रेघ आढळली.

वेगळे काय करता आले असते

लाकूड उतरवून झाल्या दिवशीच ते आतून-बाहेरून बंद करायला हवे होते. ही पॅटर्नच्या दुकानातली रोजची रीत आहे, आणि ‘आतले दिसणार नाही’ एवढ्या कारणावरून ती सोडली गेली. इपॉक्सी आणि कापड पहिल्यापासून योजले असते, तर मे महिन्यातच, कोरड्या लाकडावर, सारे पूर्ण झाले असते.

धुराडी अंगासोबत एकसंध न करता कापड बसवल्यानंतर वरून खिळींवर बसवली असती, तर कापडाला कापच द्यावा लागला नसता. हा पर्याय त्या वेळी चर्चेत आला होता. बुंध्याशी फट दिसेल या भीतीने तो नाकारला गेला. आज पाहता, तेवढी फट लांबीने भरून घेता आली असती.

कामाच्या जागी मापाची एकच पट्टी ठेवायची आणि बाकीच्या बाजूला काढायच्या, हे पहिल्या दिवशी ठरायला हवे. रेखाटन करणारा आणि लाकूड उतरवणारा वेगवेगळे असतील, तर दोघांनी आपापल्या पट्ट्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

उद्यमबागेतील काही पॅटर्न दुकाने आता संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर रेझिन बोर्डमधून (कृत्रिम राळेच्या फळीतून) थेट आकार काढतात. रेझिन बोर्ड ओल पीत नाही, आणि विद्यार्थ्याच्या संगणकीय रेखाटनावरून अंग काही तासांत निघाले असते. खर्च अधिक आला असता, आणि यंत्राच्या पात्याचे बारीक ओरखडे घालवण्यासाठी लांब पट्टीचे काम तरीही करावेच लागले असते. पुढच्या मॉडेलसाठी मामा पाण्याखालचे अंग यंत्रावर आणि कवच हाताने, अशा मिश्र रीतीचा विचार करत आहेत. ॲक्रिलिकचे फरमे त्यासाठी क्रमांक घालून शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवले आहेत, आणि वजनाचा तो शिवणी ठोकळा पेटीतच, मॉडेलच्या स्टँडखाली, दर महिन्याला तोलण्यासाठी ठेवला आहे.